दोन पाळ्यांना दिलेला गडी

खंडू, तुझ्या मातीला चारी वाड्यांची माणसं आली होती. जो तो माझ्याजवळ येऊन म्हणायचा, "तुळशीराम आबा, तुमचा भिडू गेला." मी मान हलवायचो. दुसरं काय करणार? पण खरं काय ते तुला ठाऊक आहे. माझा भिडू तू थोडीच सालं होतास. मग तू मला देऊन टाकलंस. चांगल्या खेळत्या गड्याला नदीपलीकडच्या वाडीला दिलंस, बदल्यात त्यांच्या दोन सालच्या पाळ्या घेतल्यास, आणि वर पाचोडच्या बाजारात मला भजी खाऊ घातलीस. भजी गार होती, हेही मी विसरलेलो नाही.

मातीहून परतताना तुझा शहरातला जावई माझ्या काठीच्या चालीनं हळूहळू चालत होता. म्हणाला, "आबा, हे पाळ्यांचं काय प्रकरण आहे? मामा दवाखान्यातसुद्धा तेच बोलत होते." त्याला टीव्हीवरचा खेळ ठाऊक, जिथं गडी बोली लावून घेतात. मी त्याला म्हणालो, आमच्यात बोली नव्हती बाबा. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत आमची जत्रा बंद पडली होती. परत भरली तेव्हा एका वाडीत धडधाकट माणसं, तर दुसरीत हुतुतू खेळायला सात गडी जमेनात. मग म्हाताऱ्यांनी ठरवलं की दर साली जेवढे नवे गडी तयार होतील तेवढे एका जागी उभे करायचे आणि वाडीवाडीनं पाळी लावून एकेक उचलायचा. गडी राहायला कुठल्याही वाडीचा असो, ज्यांनी उचलला त्यांच्याकडून खेळायचा. मागच्या जत्रेत जी वाडी तळाला राहिली तिची पाळी पहिली. जी जिंकली तिची शेवटी. दुबळ्याच्या ताटात आधी वाढायचं, असा न्याय.

"आणि पाळी दुसऱ्याला देता यायची?"

यायची. गडी देऊन पाळी घ्यायची, पाळी देऊन गडी घ्यायचा. पुढच्या सालची पाळी, त्याच्या पुढच्या सालचीसुद्धा. कुठं लिहायचं नाही, अंगठा नाही. दोन्ही वाड्यांच्या कारभाऱ्यांनी भंडारा उचलला की शब्द पक्का. आपल्या वाडीचा कारभारी तू होतास.

जावई हसला. म्हणाला, "मग मामांनी तुम्हालाच का दिलं?"

आता ह्याला काय सांगू? मी तुला हे लई वेळा विचारलं. उत्तर दर वेळी निराळं. एकदा म्हणालास, "तुझा गुडघा वाजत होता." एकदा म्हणालास, "तू माझं ऐकत नव्हतास." एकदा तर म्हणालास, "त्या दिवशी मला ऊन लागलं होतं."

त्या बाजाराच्या दिवशी मी बैलबाजाराच्या कडेला उभा होतो. नवे गडी रांगेत उभे होते आणि एक दलाल जाता जाता म्हणाला, "ह्यांचे दात बघितले का?" सगळे हसले. मीपण हसलो. तू आलास, हात पिवळे होते भंडाऱ्यानं. माझ्या हातात भज्यांचा कागद दिलास आणि म्हणालास, "तुळश्या, मी तुला पलीकडं दिलं."

"काय दिलं?"

"तुला. दोन सालच्या पाळ्या आल्या."

मला आधी वाटलं चेष्टा आहे. मग तुझा हात बघितला. म्हणालो, "मी काय मेंढा हाय व्हय रे?"

"मेंढा असतास तर दिला नसता," तू म्हणालास. "मेंढा माझं ऐकतो."

माझं डोकं असं फिरलं की भजं तोंडात तसंच राहिलं. चारी वाड्यांत माझ्यासारखी चढाई कुणाची नव्हती. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण सांगणारे बाकीचे आता उरले नाहीत. मधली रेघ ओलांडली की समोरची सात माणसं मागं सरकायची. तसला गडी देऊन तू काय घेतलंस, तर न बघितलेली पोरं. आमच्यात म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मी तेच म्हणालो. तू मेंढरं राखणारा, म्हणालास, "आमच्यात म्हणतात, भरल्या अंगाचा मेंढा बाजार दाखवायचा आणि कोकरं घरी ठेवायची."

"आणि कोकरू मेलं तर?"

"म्हणून एक नाय ठेवायचं, जास्त ठेवायची. तू सरकी लावताना एका जागी दोन दाणे टाकतोस का नाय?"

मग मी तुझी चूक काढली, आणि ती खरी चूक होती. म्हणालो, "खंडू, तू येडा हायेस. ती वाडी तळाला हाय म्हणून तिची पाळी पैली. मी तिकडं गेलो म्हणजे ती जिंकंल. जिंकली म्हणजे तिची पाळी जाईल शेवटी. मग काय उचलशील, उरलेला गाळ?"

तू माझ्याकडं बघितलंस. तुझी ती बघायची रीत, एक डोळा बारीक, कळपातलं लंगडं मेंढरू हेरताना बघायचास तशी. म्हणालास, "तू एकटा जिंकवशील व्हय त्यांना?"

"जिंकवतो."

"बघू."

एवढंच. ह्या "बघू"वर मी ते सगळं साल काढलं. पहाटे उठून नदीच्या वाळूत पळायचो. घरची म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हणालो, "खंड्याची पाळी मातीत घालायची हाय."

आणि तू एवढा बिनलाजा की आठ दिवसांनी सायकलवर येऊन म्हणालास, चल शहरात, नव्या वाडीच्या बनियनला कापड आणू. मला वाटलं, चिडवायला आलाय. तर खरंच निघालास. गुलमंडीत त्या दुकानात बसून तू हिरवं कापड बोटांत चोळून बघत होतास, धुतल्यावर रंग जाईल का विचारत होतास. दुकानदार म्हणाला, "क्या चचा, घर में शादी है क्या?" तू माझ्याकडं बोट करून म्हणालास, "हां, इसकी बिदाई है." तो दुकानदार इतका हसला की त्यानं आम्हाला चहा पाजला. मी चहा प्यालो, पण हसलो नाही. आता लिहिताना हसू येतंय, ते तुला दिसत नसेल म्हणून सांगतो.

पुढची जत्रा तुला आठवत असेलच. पलीकडची वाडी जिंकली. आपल्याच वाडीला हरवून जिंकली. शेवटच्या चढाईत मी तुमचे तीन गडी मारून आलो आणि आल्यावर गड्यांना नाही, तुला शोधलं. तू कडेला उभा होतास, फेटा काखेत. मी ओरडलो, "घे आता पाळी."

तू म्हणालास, "घेतो की."

तुझी ती पाळी शेवटी आली. उरला होता दगडू. एक जत्रा खेळला, दुसऱ्या जत्रेच्या आधी वैजापूरला कापसाच्या गाठी उचलायला गेला तो तिकडचाच झाला. मी चारी वाड्यांत सांगत फिरलो, तुळशीराम दिला आणि दगडू घेतला. लोक हसायचे. तूपण हसायचास, त्यानं माझी मजा निम्मी व्हायची.

मग दुसरं साल. तेव्हा मी गुर्मीत होतो. पहिल्याच डावात पकड तोडताना गुडघा फिरला. आवाज असा आला की बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं. मी मातीत पडलो. माझ्या वाडीचे गडी, म्हणजे पलीकडचे, मला उचलायचं कसं ह्यावर बोलत होते. तेवढ्यात तू रेघ ओलांडून आलास. पंच म्हणाला, "अहो कारभारी, तुम्हाला आत येता येत नाय." तू त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. थकलेलं मेंढरू मानेवर घेतात तसं मला मानेवर घेतलंस, दोन पाय एका हातात, दोन हात दुसऱ्या हातात, आणि नदीत उतरलास. पाणी मांडीला लागत होतं. दुखण्यानं माझे डोळे फिरले होते, तरी मी म्हणालो, "ठेव खाली. मी तुझा गडी नाय."

"गप. वजन जास्ती नाय तुझं," तू म्हणालास. "दोन पाळ्यांइतकंच."

माझ्या घरापर्यंत तू मला तसंच नेलंस. हाड बसवणाऱ्याला तूच आणलंस. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही आणि तू महिनाभर रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसलास. तुझा आवाज आला की मी भिंतीकडं तोंड करायचो. तू घरच्यांशी बोलायचास, दूध द्यायचास, जायचास.

गुडघा गेला तशी पलीकडची वाडी परत तळाला गेली. तुझी दुसरी पाळी पहिली आली. तू किसन उचललास. बाजारात सगळे तुला वेड्यात काढत होते, कारण किसनचे पाय बगळ्यासारखे आणि छाती आत गेलेली. तू म्हणालास, "त्याच्या टाचा बघा." टाचेत काय असतं ते मला आजही कळलेलं नाही. पण किसननं आपल्या वाडीला लई सालं जिंकवलं. मातीला तो आला होता. आता त्यालाच नातवंडं आहेत. तुझ्या पायाशी बसला तो उठेना.

तेव्हापासून आपली तकरार चालूच राहिली. मी म्हणायचो, दोनातला एक फुकट गेला. तू म्हणायचास, म्हणून तर दोन घेतल्या. मी म्हणायचो, माझा गुडघा गेला नसता तर दोन्ही फुकट गेल्या असत्या. तू म्हणायचास, उभ्या गड्यात जेवढं दिसतं तेवढंच असतं, न उचललेल्यात किती आहे कुणाला ठाऊक. मी म्हणायचो, काहीच नसेल. तू म्हणायचास, व्हय, काहीच नसेल, नायतर किसन असेल.

एक गोष्ट मात्र ह्या भांडणात कधी निघाली नाही, ती आज काढतो. नदीपलीकडं मी खेळायला गेलो आणि ती माणसं माझी झाली. जत्रेच्या दिवसांत त्यांच्या घरी माझं जेवण असायचं, धपाटे आणि दही. गुडघ्यानंतर मी खेळायचा नाही हे कळूनही त्यांनी माझं ताट चुकवलं नाही. माझ्या धाकटीची सोयरीक तिथंच झाली आणि सुखात झाली. तू मला दिलं नसतंस तर नदी ओलांडून त्या उंबऱ्यात मी कशाला गेलो असतो? हे तुला कळत होतं. लग्नात तू वऱ्हाडात नाचलास तेव्हा माझ्याकडं बघून काही बोलायला आला होतास. मी पंगतीकडं निघून गेलो. तू तेव्हा "बघ, पाळीचं कसं झालं" असं म्हणाला असतास, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. अजूनही नाही.

म्हातारपणी दोघांनाही पोरांनी शहरात आणलं. तुझं घर आणि माझं घर एकाच रस्त्यावर, हे एक बरं झालं. संध्याकाळी तू यायचास. मधे तुझी नात सोनी कॅनडाला नोकरीला गेली. तिकडं बर्फावर काठ्या घेऊन आईस हॉकी खेळतात, पायात पाती लावून. एके दिवशी तू फोन घेऊन आलास, चालताना धाप लागत होती तरी तोंडावर असं हसू की मी ओळखलं, हा माझं काहीतरी वाईट करायला आलाय.

"सोने, सांग ह्याला," तू फोनमध्ये म्हणालास. "मला सांगितलंस तेच सांग."

पोरगी म्हणाली, "राम राम तुळशीराम आबा. अहो, इथं पण तुमच्यासारखंच आहे. जो संघ मागं राहतो, त्याला बहुतेक नवी पोरं आधी उचलायला मिळतात. आणि काही संघ आपला नावाजलेला खेळाडू दुसऱ्याला देऊन त्यांच्या पुढच्या सालच्या पाळ्या घेतात. साठवून ठेवतात."

"ऐकलंस?" तू म्हणालास. "गोऱ्यांनापण कळलं."

मी म्हणालो, "पोरी, मला एवढंच सांग. पाळ्या साठवून ते जिंकतात का?"

खरी बोलणारी पोरगी आहे, तुझ्यावर गेली नाही. म्हणाली, "काही जिंकतात आबा. काही आपले सालोसाल पाळ्याच साठवत बसतात."

"झालं," मी म्हणालो. "ह्याच्यासारखे तिकडंपण हायेत."

"त्यांना उचलता येत नसंल," तू म्हणालास. "नुसती पाळी असून काय? नजर पायजे."

"मग जा बर्फावर, टाचा बघ त्यांच्या."

"जाईन की. तुला देऊन दोन तिकिटं येतात का बघतो."

"आजोबा, मी फोन ठेवू का?" सोनी म्हणाली. तिला कामाला जायचं होतं. तिचा फोन बंद झाला तरी आपलं संपलं नाही. सूनबाई येऊन म्हणाली, "हळू बोला, खालचे लोक वर येतील." त्या दिवशी तू जाताना जिना उतरायला माझा हात धरलास. त्याआधी कधी धरला नव्हता.

त्यानंतर तुझा दवाखाना सुरू झाला.

दहाव्याला वहिनींनी मला चहा दिला आणि समोर बसल्या. सखूवहिनी कधी माझ्यासमोर बसून बोललेल्या नाहीत. मी म्हणालो, "वहिनी, माझी तकरार राहूनच गेली. त्यानं मला का दिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाय."

त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला खरंच ठाऊक नाय?"

"नाय."

"त्या दिवशी बाजारातून आले ते जेवले नाहीत. मी विचारलं, एवढा जीवाचा माणूस दिला कशाला? तर म्हणाले, आपली वाडी म्हातारी व्हायला लागलीय, नवे गडी लागणार. दुसरं कुणी द्यायला गेलो तर एकसुद्धा पाळी येत नव्हती. तुळश्याच्या नावावर दोन आल्या."

मी विचारलं, "मग हे मला का नाय सांगितलं?"

"मी म्हणलं होतं, सांगा त्यांना. तर म्हणाले, सांगितलं तर तो फुगंल. फुगला तर पलीकडं जाऊन नीट खेळायचा नाय. रागावू दे. रागानं लई चांगला खेळतो."

खंडू, म्हणजे मी नीट खेळलो तर तुझी पाळी बुडणार होती, हे तुला ठाऊक होतं. आणि तरी मी नीट खेळावं म्हणून तू मला चिडवून पाठवलंस. ही कसली कारभारकी? तुझ्या वाडीचं नुकसान आणि माझी इज्जत एका ताजव्यात टाकून तू माझ्या बाजूला दांडी झुकवलीस. मला हे पटलेलं नाही. कारभाऱ्यानं वाडीचं बघायचं असतं. पण चहा संपल्यावरही मला उठता आलं नाही, आणि वहिनींनी रिकामा कप माझ्या हातातून घेतला तेव्हा मला कळलं की मी तो धरून बसलोय.

आता जे झालं ते सांगतो, म्हणूनच खरं तर हे लिहायला बसलो.

परवा पाचोडला नव्या गड्यांची निवड झाली. आपल्या वाडीचे लोक मला घ्यायला शहरात आले. म्हणाले, "आबा, कारभाऱ्याच्या जागी तुम्ही उभं राहा." मी म्हणालो, "माझी अक्कल त्याच्या उलटी. तो पेरायचा, मी कापणारा." ते म्हणाले, "चालंल. पण पाळ्यांवर त्याच्याशी एवढं भांडलेला दुसरा कुणी नाय."

गेलो. आपला ज्ञानू तुला ठाऊक आहे, मागच्या दोन जत्रा त्यानंच मारल्या. बाईल आहे, दोन लेकरं आहेत, अंग भरलेलं, ऐन जोरात. नदीपलीकडची वाडी परत तळाला आहे. त्यांचा कारभारी माझ्या जावयाचा चुलता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाव्हणं, ज्ञानू द्या. आमच्या पुढच्या दोन सालच्या पाळ्या घ्या."

मी त्याला हसून नाही म्हणणार होतो. उभ्या जन्मात मी हेच म्हणत आलो की उभा गडी सोडू नये. ओठावर आलं होतं. पण आपल्या रांगेकडं बघितलं तर ज्ञानू सोडून एकाचाही दम टिकणारा नाही. ज्ञानू दोन सालं खेळेल, तीन खेळेल, मग त्याचाही गुडघा वाजेल. त्यानंतर कोण? ते पोर आज कुठंतरी शाळेत असेल, कुणी बघितलेलं नसेल.

मी भंडारा उचलला.

ज्ञानूला मीच सांगितलं. दुसऱ्याला सांगू दिलं नाही. तो म्हणाला, "आबा, तुम्ही? मला? मी काय कमी केलं?" डोळे लाल झाले होते त्याचे. माझ्या जिभेवर होतं की बाबा, तुझ्याच नावावर दोन आल्या, दुसऱ्या कुणाच्या नावावर एकसुद्धा येत नव्हती. मी ते गिळलं. म्हणालो, "तुझ्याच्यानं ती वाडी थोडीच जिंकायची हाय?"

"दाखवतो तुम्हाला," तो म्हणाला आणि राम राम न करता गेला. वाळूत पळायला लागला असेल आतापर्यंत.

ह्यावरून तू बरोबर होतास असं समजू नको. दोन्ही पाळ्या शेवटी येतील आणि दोन्हींत दगडू निघतील, तेव्हा चारी वाड्या मला हसतील. हसू दे. पण आलेली पाळी उचलायला मीच लागणार. टाचा कशा बघतात ते तू कुणाला शिकवून गेला नाहीस, मला अंदाजानंच बघावं लागेल. पुढच्या सालची एक, आणि त्याच्या पुढच्या सालची एक. तोवर मला तिकडं यायला फुरसत नाही. तुला भिडू लागला तर सध्या दुसरा कुणी उचल.